कोपराला लागणारं दार

आमच्या कोठीच्या खोलीत दोन माणसं मावत नाहीत. पिठाची पोती, ऑलिव्हच्या बरण्या आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर मी, मांडीवर व्हायोलिन उभं धरून. आमच्या मोरोक्कोतल्या तेतुआनमध्ये जुनी गाणी वाजवणारे व्हायोलिन हनुवटीखाली धरत नाहीत. ते मांडीवर उभं राहतं आणि गज आडवा फिरतो. माझ्या उजव्या हाताला दार होतं. ते मी घट्ट लावून घ्यायची, कारण घरात सुतक होतं.

बा गेले तेव्हापासून यम्मा, माझी आई, पांढऱ्या कपड्यांत होती. सुतकाचे महिने सरेपर्यंत आमच्याकडे विधवा उंबरा ओलांडत नाही, आणि त्या घरात साधा रेडिओही लागत नाही. यम्माजवळ कुणीतरी हवं म्हणून मीही घरातच. मी बिनलग्नाची, तिशी उलटलेली, मला कुठे जायचंय असा सगळ्यांचा हिशोब. शेजारणी म्हणायच्या, "गुणाची हो आमची रहीमू!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कोंबडीला खुराड्यात कोंडायचं आणि वर तिच्या गरीब स्वभावाचं कौतुक करायचं, यातलाच प्रकार.

सुटका एवढीच, की रोज सकाळी मळलेले पाव फळीवर घेऊन गल्लीतल्या भट्टीवर जायचं. भट्टीला लागूनच लल्ला झुबैदांचं घर; मानाच्या बाईला आमच्याकडे लल्ला म्हणतात. पाव भाजून गार होईस्तोवर तिथे माझी शिकवणी, त्यांच्या व्हायोलिनवर, पावाच्या फडक्यात लपवून नेलेल्या माझ्या गजानं; यम्माला मी हे सांगितलं नव्हतं. लल्लांचा बायकांचा ताफा गावातल्या सगळ्या लग्नांत वाजवायचा, आणि त्यात व्हायोलिनची एक खुर्ची रिकामी झाली होती. मी किंवा लल्लांची दुसरी शिष्या बतूल, दोघींतली एक. ती खुर्ची मिळाली की सुतक सरल्यावर दर आठवड्याला मी बाहेर पडणार होते. लल्लांना नाही म्हणायची टाप आमच्या घरात कुणाचीच नव्हती.

अडत होतं ते सुरापाशी. बोटं जागेवर पडायची, चाल पाठ होती, पण आवाज यायचा गंजलेल्या बिजागरीचा.

"अगं, तू वाजवतेयस की तारा घासून काढतेयस?" लल्ला म्हणाल्या.

"आवाज बारीक येतो म्हणून जोर लावते, लल्ला."

"जोर लावून सूर मोठा होत नाही, बाई. गळा दाबलेला माणूस मोठ्यानं गातो का? आण तो गज इकडे." त्यांनी गज खिडकीपाशी उजेडात धरला. गजाला ताणलेले केस मधोमध घासून काळपट झाले होते. दोन्ही टोकांना मात्र कोरे, दुकानातून आणल्यासारखे.

"कुठे बसून वाजवतेस?"

मी सांगितलं. कोठीची खोली, उजवीकडे दार.

"म्हणजे कोपर दाराला लागतं. म्हणून वीतभर गजावर सगळा संसार चाललाय तुझा! दार उघड की."

"सुतक आहे, लल्ला."

गज परत देत त्या म्हणाल्या, "निदान इथे तरी दार नाही. हात जाऊ दे."

मी हात सोडला. गज वीतभर गेला आणि थांबला. पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच. दार नव्हतं हे मला कळत होतं, पण माझ्या कोपराला ते पटत नव्हतं.

निवडीच्या दिवशीही तेच झालं. लल्लांचं अंगण केवढं तरी मोठं, वर मोकळं आभाळ, आणि त्या सगळ्या जागेत माझं कोपर नेमकं कोठीच्या दारापाशी अडलं. मग मी घाबरून जोर लावला. बतूल माझ्यापेक्षा नवखी, दोन ठिकाणी चालसुद्धा चुकली, पण तिचा गज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि अंगण सुरानं भरलं. खुर्ची तिला मिळाली. मिळायलाच हवी होती, आणि हेच मला जास्त लागलं.

घरी आले, पाव ठेवले, कोठीत शिरून दार लावलं. वाजवायचं नव्हतं. रडायचं होतं, पण तेही मोठ्यानं करायची सोय नव्हती, म्हणून गज तारेवर टेकवला.

दार बाहेरून ओढलं गेलं. यम्मा उभी होती, नखशिखांत पांढरी.

"कुणाला मिळाली खुर्ची?"

मी गज तारेवरून उचलला. "तुला कुणी सांगितलं?"

"पावानं. भट्टीवरून आणलेला पाव रोज गार कसा गं येतो? मी घरात कोंडलेय, माझं डोकं नाही. शेजारीण म्हणाली लल्लांकडे निवड आहे. बोल, कुणाला?"

"बतूलला."

"तिचं लग्न ठरतंय. खुर्ची काय, आज भरते, उद्या रिकामी होते. वाजव."

"यम्मा, लोक काय म्हणतील? दार..."

"दार राहू दे उघडं." ती दाराबाहेरच्या बोळात स्टुलाच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसली आणि तळहात पुढे धरला. "रोज तुझं कोपर दाराला लागतं ते मला ऐकू येतं. इथपर्यंत आण कोपर."

मी गज ओढला. वीतभर गेला, थांबला. तिनं हात तिथेच ठेवला. मी डोळे मिटून पुन्हा ओढला आणि कोपराला तिचा उबदार तळवा लागला. ती थोडी मागे सरकली. मी आणखी ओढला. ती आणखी सरकली. सरकता सरकता गज टोकापर्यंत पोचला, मी जोर लावायचं विसरले, आणि जो सूर निघाला तो बिजागरीचा नव्हता. भरलेला, गोल, शांत सूर. बोळातून तो अंगणात गेला, तिथून गल्लीत. वरच्या मजल्यावर कुणाची तरी खिडकी धाडकन उघडली.

मी थांबले. यम्माचा हात अजून तसाच पुढे होता. तिची पाठ समोरच्या भिंतीला टेकली होती.

"आता मला मागे सरकायला जागा नाही," ती म्हणाली. "तू वाजव."