हंगामाचा लिलाव

“एक वार, दोन वार, तीन वार. राजीवला.”

शशिकांत उजागरे यांनी दुधी राजीवच्या हातात दिला आणि लगेच मेथीची जुडी उचलली.

राजीव तसाच उभा राहिला. “काका, थांबा ना यार! मागून अजून बोली येत होती. मीसुद्धा वाढवणार होतो.”

“झालं ते झालं. पुढे. मेथी.”

हॉलमध्ये चुळबुळ झाली. शशिकांतकाकांनी लिलाव करावा आणि दुधी असा एका दमात जावा, हे अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत आजवर घडलं नव्हतं. एरवी एका दुध्यावर ते लोकांना हसवून हसवून रडवत. बोली लावणाऱ्याच्या चिक्कूपणाचा उद्धार करत, त्याच्या बायकोला साक्षीला उभं करत, ‘दोन वार’ म्हणून मुद्दाम पाणी प्यायला जात. तेवढ्यात बोली दुप्पट झालेली असे.

ही हंगामाच्या सणाची रीत मंडळीतल्या जुन्या लोकांनी नगर-जालन्याकडून आणली होती. तिकडे लोक ज्वारीची कणसं, अंडी, कोंबड्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणून वाहत आणि उपासना संपली की त्यांचा लिलाव होई. इकडे रविवारी दुपारी अमेरिकन चर्चचा तळमजला भाड्याने घ्यायचा आणि टेबलावर परसातला दुधी, कुंडीतली मेथी, करंज्यांचे डबे मांडायचे. ज्यांना यातलं काहीच जमत नाही ते सफरचंदांचं खोकं आणून मोकळे होत. घेणाऱ्याने वस्तू घरी न्यायलाच हवी असं नसे. ‘परत ठेवतो’ म्हटलं की पैसे जमा आणि वस्तू पुन्हा लिलावाला.

शशिकांतचा सारा जन्म एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये हातमोजे आणि सलाइनच्या पिशव्या देण्यात गेला होता. तिथे खिडकीपलीकडून त्यांच्याशी कुणी दोन वाक्यांच्या वर बोललं नाही. वर्षातून हा एक दिवस मात्र, या टेबलामागे, ते कुणीतरी असत.

लिलावाचे पैसे जायचे यरुशलेमातल्या एका जुन्या बायबलशाळेला. दगडी इमारत, मोठं ग्रंथालय, म्हातारे धर्मगुरू आणि जुन्या हिब्रूतल्या एकेका ओळीवर आठवडा आठवडा बसणारे विद्यार्थी. शाळेचं खरं नाव लांबलचक होतं. मंडळीत तिला ‘आसावरीची शाळा’ म्हणत. आसावरी ही शशिकांत आणि सुलभाची एकुलती एक मुलगी. शिकायला म्हणून गेली आणि शिकवायला राहिली. तिचा वर्षाचा खर्च या लिलावातून निघे, आणि ‘आमच्या दुध्यावर एक विदुषी पोसली आहे,’ असं शशिकांत मोठ्या ऐटीत सांगत.

यंदा मात्र तिकडे युद्ध पेटलं होतं. विमानं सुरू होत, बंद होत. विद्यार्थी निम्म्याहून कमी झाले होते. शाळेची तिजोरी आटली, आणि शाळेने कळवलं की ज्यांचा खर्च बाहेरून येईल त्यांनाच ठेवता येईल. बाकीच्यांना महिनाअखेर सुखरूप आपापल्या घरी पाठवू.

म्हणजे आजचा लिलाव पडला तर आसावरी घरी येणार होती. चालला तर ती तिथेच राहणार होती.

सकाळी तिचा फोन आला होता. “पप्पा, I’m fine. वर्ग आता तळघरात घेतो. सायरन झाला की वर-खाली करायला नको. आज लिलाव आहे ना? जोरात करा हं.”

“हो,” शशिकांत म्हणाले.

“मी निघाले तर वर्ग बंद पडेल. दुसरं कुणी नाहीये शिकवायला. तुम्हाला कळतंय ना?”

“हो.”

फोन ठेवल्यावर त्यांनी दाढी केली, टाय बांधला. रडू येत नव्हतं. भीतीसुद्धा वाटेनाशी झाली होती. पायाला मुंग्या आल्या की तो आपला नसल्यासारखा होतो, तसं गेले कित्येक दिवस सगळ्या अंगाचं झालं होतं. आणि टायची गाठ सारखी करता करता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला खोटं बोलावं लागणार नाही, लबाडी करावी लागणार नाही. फक्त आज गंमत करायची नाही. बस्स. लिलाव आपोआप पडेल.

आणि तो पडतच होता. मेथी गेली, करंज्या गेल्या, सफरचंदं तर मिळेल त्या बोलीला गेली. चहाची सुटी झाली तेव्हा मंडळीचे पाळक प्रतापराव जवळ आले. औषधाच्या कंपनीतली नोकरी सांभाळून ते पाळकपण करत, त्यामुळे त्यांना कायम अवघडल्यासारखं होई.

“शशिकांतकाका, पैसे अर्धेसुद्धा नाही जमले आपले. तब्येत बरी आहे ना? मी करू का पुढचं?”

“आता एक भोपळाच उरलाय,” शशिकांत म्हणाले. “करतो मी.”

सुलभा चहाच्या मोठ्या भांड्यापाशी कप मांडत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातात कप दिला आणि मान वर न करता म्हणाल्या, “अहो, मुद्दाम करताय तुम्ही.”

“मला हसवता येत नाहीये, सुलभा.”

“मला तरी कुठे हसू येतंय? करंज्या केल्याच ना मी. रात्रंदिवस तो फोन उशाशी घेऊन केल्या.”

“तुला ती घरी नकोय?”

सुलभांचा हात कपावर थांबला. “नकोय? मी तिची आई आहे. ती दारात उभी राहिली तर मी दुसरं काही मागणार नाही देवाकडे. पण अशी नको. आपल्या बापाने आपल्याला पाडलं, हे तिला कधी ना कधी कळेल. ती काही बोलणार नाही. पण मग ती घरी येऊनही आपल्याकडे यायची नाही.”

एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला साखर किती म्हणून विचारलं.

भोपळा शशिकांतच्या परसातलाच होता, लालबुंद आणि दोन्ही हातांत जेमतेम मावणारा. राजीवने सुरुवातीची बोली लावली. मागून कुणीतरी थोडी वाढवली. मग बोली अडली.

“एक वार. दोन वार.”

“शशिकांत, थांब रे जरा,” पुढच्या रांगेतून पद्मजाकाकू म्हणाल्या. मंडळीतल्या त्या सगळ्यात म्हाताऱ्या, सगळ्यात आधी अमेरिकेत आलेल्या डॉक्टरीणबाई. “पोरगी कशी आहे?”

“बरी आहे, काकू. तळघरात शिकवते.”

“अजून शिकतायत मुलं?”

“आहेत पाच-सहा.”

“आणि तू भोपळा असा फुंकून टाकतोस होय?” काकू मागे वळल्या. “तुम्हाला नव्या लोकांना माहीत नाही. आसावरी एवढीशी होती, तेव्हा यानं तिला टेबलावर भोपळ्याशेजारी बसवलं आणि ओरडला, ‘भोपळ्याबरोबर मुलगी फुकट!’ काय बोल्या लागल्या होत्या त्या दिवशी!”

हॉल हसला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच कुणीतरी ती गोष्ट काढली होती. काकूंना माहीत नव्हतं की त्या दिवशी आसावरी गाडीत घर येईपर्यंत रडत होती. ‘पप्पा, तुम्ही मला विकलंत.’ शशिकांतनी तिला समजावलं होतं, ‘अगं, घेणाऱ्याने परत ठेवलं ना? म्हणून तर तू घरी चाललीस.’ तिला ते पटलं होतं. डोळे पुसून तिने विचारलं होतं, ‘नेहमी परत ठेवतात?’ आणि ते म्हणाले होते, ‘नेहमी.’

शशिकांतनी भोपळा खाली ठेवला, टायची गाठ सैल केली आणि पुन्हा उचलला.

“राजीव,” ते म्हणाले, “कोडिंग करून करून बोटं झिजली का रे तुझी? वर उचलायला जमत नाही एक?”

राजीवने हात वर केला. मग मागच्याने. मग राजीवच्या बायकोने, राजीवच्याच विरुद्ध. शशिकांत म्हणाले, “नवरा-बायकोचं भांडण घरात फुकट होतं, इथे त्याला मोल आहे, चालू द्या.” लोक खुर्च्यांवरून पुढे सरकले. भोपळा विकला गेला, परत ठेवला गेला, पुन्हा विकला गेला. प्रतापराव अवघडलेपण विसरून दुसऱ्यांदा बोली लावून बसले. शशिकांतची जीभ आपली आपण चालत होती, जशी इतकी वर्षं चालत आली होती तशी. त्यांना स्वतःला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. पद्मजाकाकू डोळ्यांना पदर लावून हसत होत्या, आणि शशिकांत त्यांच्याकडे पाहत विचार करत होते की हॉलमधले दिवे किती पांढरे आहेत.

शेवटची बोली राजीवची लागली. प्रतापरावांनी आकडेमोड केली आणि कोपऱ्यातून अंगठा वर केला. खर्च निघाला होता.

“एक वार,” शशिकांत म्हणाले. “दोन वार.”

आणि थांबले. लोक हसले, काका आता पाणी प्यायला जाणार, हे सगळ्यांना पाठ होतं. पण ते गेले नाहीत. भोपळा पोटाशी धरून उभे राहिले. हसणं विरलं. पार मागे, चहाच्या भांड्यापाशी, सुलभा पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच होकाराची मान हलवली.

“तीन वार,” शशिकांत म्हणाले.

टाळ्या झाल्या. प्रार्थना झाली. सुलभा भांडी घासायला मागे राहिल्या. पद्मजाकाकू त्यांना घरी सोडणार होत्या. राजीव पार्किंगमध्ये भोपळा घेऊन धावत आला.

“काका, हा तुम्हीच न्या. परत ठेवला समजा. लाल भोपळा टिकतो ना खूप दिवस? आसावरीताई आली की घारगे करा, आम्हालापण बोलवा.”

“टिकतो,” शशिकांत म्हणाले. “देठ नाही मोडला तर टिकतो.”

त्यांनी तो शेजारच्या सीटवर ठेवला. फोनवर आसावरीचा मेसेज होता, ‘झाला का?’ त्यांनी चष्मा वर करून एकेक अक्षर दाबलं, ‘झाला. जोरात झाला.’ मग गाडी सुरू केली.

चर्चच्या फाटकाशी गाडी टुणटुण वाजू लागली. आधी त्यांना कळेना कशाला. स्वतःचा पट्टा लावलेला होता. मग पाहिलं, तर शेजारच्या सीटचा लाल दिवा लागला होता. भोपळ्याच्या वजनाने गाडीला वाटत होतं की तिथे कुणीतरी बसलं आहे.

शशिकांतनी गाडी कडेला घेतली. वाकून पलीकडचा पट्टा ओढला, भोपळ्याला गुंडाळून नीट लावला, देठाला धक्का लागत नाही ना ते पाहिलं. आवाज बंद झाला. मग ते सावकाश घरी निघाले.