पंचमीचा मुराळी

माझा नवरा दिवसभर कोऱ्या करकरीत गाड्या चालवतो, आणि त्याला गाडी चालवता येत नाही. हे मी रागानं नाही, खरं आहे म्हणून सांगते. ज्योतीराम चाकणच्या एका कार कंपनीत लाइनच्या शेवटी असतो. तयार झालेली गाडी यार्डात नेऊन लावायची, पायी परत यायचं आणि पुढची घ्यायची, हे त्याचं काम. आत वीसच्या वर काटा न्यायचा नाही, प्रत्येक वळणावर थांबून दोनदा हॉर्न वाजवायचा, अशी शिस्त. समोरून कुणी येत नाही. कुत्रं नाही, म्हैस नाही, रिक्षावाला तर नाहीच नाही. पण चिखलीतल्या आमच्या बिल्डिंगीत सगळे त्याला पट्टीचा ड्रायव्हर समजायचे, आणि मीही त्यातलीच.

गाडीचं खूळ मात्र माझं. मला ती पंचमीसाठी हवी होती.

आमच्याकडे येरमाळ्याच्या बाजूला लग्न झालेली लेक नागपंचमीला आपली आपण उठून माहेरी जात नाही. भावानं न्यायला यायचं असतं. न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. माझा मुराळी म्हणजे सुजितदादा. श्रावण लागला की तो एसटीनं यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "रत्ने, आवरलं का न्हाई अजून?" चहासुद्धा उभ्यानं प्यायचा. मी मुद्दाम उशीर करायचे. पिशवीत साडी भरायची, परत काढायची, दुसरी भरायची. आपल्यासाठी कुणीतरी लांबून आलंय आणि खोळंबून उभं आहे, हे बघण्याचं सुख मला पुरवून पुरवून घ्यायचं असायचं.

तीन वर्षांपूर्वी दादा रात्री मोटारसायकलवरून कळंबहून घरी येत होता. पुढे उसाची ट्रॉली होती. तिला मागे दिवा नव्हता, साधं लाल फडकंही नव्हतं.

तेव्हापासून श्रावण आला की जिन्यात चपला वाजल्या तरी माझ्या हातातलं लाटणं थांबतं. माणूस गेलाय हे मला कळतं, मी काही खुळी नाही. पण कान ऐकत नाहीत. ज्योतीराम म्हणायचा, "मी नेतो की." त्याला कसं सांगायचं? नवऱ्याबरोबर गेलं की बाई पाहुणी म्हणून जाते. भावाबरोबर गेली की लेक म्हणून जाते. मायही फोनवर "ये" म्हणायची नाही. न्यायला माणूस पाठवता येत नाही तर नुसतं ये कुठल्या तोंडानं म्हणायचं, असं तिचं. "बरी हायेस ना?" म्हणायची आणि फोन ठेवायची.

या वर्षी मी ठरवलं. न्यायला कुणी येणार नसेल तर मीच माझी मुराळी.

कुदळवाडीत नवनाथचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, "ताई, ही बघा. डॉक्टरांची गाडी हाय. नुसती घर ते दवाखाना." विकायला आलेल्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या नाहीतर मास्तरांच्याच कशा असतात, आणि बाकीच्या लोकांच्या गाड्या कुठं जातात, देव जाणे. पण इथं ज्योतीराम कामाला आला. त्यानं दाराच्या फटीतून बोट फिरवलं आणि सांगितलं, हे दार बदललंय, गाडीनं मार खाल्लाय. दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "ही गरम कशी? आम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवलीय." गार इंजिन कसं सुरू होतं ते बघितल्याशिवाय जुनी गाडी घ्यायची नाही, असं त्याचं म्हणणं. तिसरी, एक राखाडी रंगाची, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन गारच सुरू करून पाहिली, टायर पाहिले, कागदावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. नवनाथ घाम पुसत म्हणाला, "राव, तुमी गाडी घेताय का पोरगी बघताय?" तीच आम्ही घेतली. मला त्या दिवशी नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

तो अभिमान स्पाइन रोडपर्यंत टिकला. ज्योतीराम वीसच्या वर जाईना. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा आणि समोरच्यानं वाट द्यायची वाट बघत बसायचा. मागे रांग लागली. एक टेम्पोवाला ओरडला, "काका, झोपलात काय!" मी तोंडाला पदर लावून हसत होते. तेवढ्यात बाजूनं एक कंटेनर अगदी खेटून गेला आणि ज्योतीरामनं रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली. स्टिअरिंग सोडलं.

"रत्ना, ही माणसं थांबत का नाहीत?" त्यानं विचारलं. मग हळूच म्हणाला, "सुजित किती चांगला चालवायचा गं."

माझं हसू जागच्या जागी विरलं. नवनाथला फोन करून बोलावलं. त्यानं गाडी घरी आणून लावली. ज्योतीरामनं किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मी शेजारी बसेन. पण मला चालवायला सांगू नकोस."

मग मी शिकले. मोशीचे रंगराव एसटीतून रिटायर झालेले, ते बायकांना शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. आरसे लाव, पट्टा बांध, पुन्हा काढ, पुन्हा बांध. मी वैतागले. ते म्हणाले, "पोरी, रस्त्यावरची समदी खुळी हायेत आसं धरून चालायचं. शहाणी तेवढी तू. व्हय?" ट्रकच्या मागे गेलं की विचारायचे, "त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसतंय का? न्हाई? मग त्यालाबी तू दिसत न्हाईस. मागं हो." अंधारात समोर काही दिसत नसेल तर तिथं काहीतरी उभं आहे असंच समजायचं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि रडले. त्यांनी का ते विचारलं नाही. लायसन्स हातात आल्यावरही त्यांनी सोडलं नाही. चाकणच्या कांदा बाजाराच्या दिवशी, टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या गर्दीतून मला फिरवून आणलं, तेव्हा म्हणाले, "आता जा माहेराला."

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. ज्योतीराम शेजारी, खिडकीवरची मूठ धरून. सोलापूर रस्ता, टेंभुर्णी, बार्शी. त्यानं ती मूठ येरमाळ्यापर्यंत सोडली नाही. गावात पोचलो तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती.

मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग गाडीकडे, माझ्याकडे, पुन्हा गाडीकडे बघत म्हणाली, "कुणासंगं आलीस?"

"माझी मीच आले, माय. मीच चालवली."

ती पाणी आणायला आत गेली. मला वाटलं होतं, आपण या उंबऱ्यावर पाय ठेवला की आत काहीतरी भरून येईल. तसं काही झालं नाही. मी आले होते, पण मला कुणी आणलं नव्हतं.

त्या दिवशी बायकांचा भावाचा उपवास असतो. मला उपवास नव्हता. मायनं मला भाकरी वाढली आणि मी ती नुसती कुस्करत बसले. छाया वहिनी, म्हणजे दादाची बायको, शेजारी नुसतीच बसली होती. तिचा उपवास होता. तिला भाऊ आहे. केजच्या पुढे राहतो. दादा गेल्यापासून एकाही पंचमीला तो तिला न्यायला आला नव्हता.

मी भडकले. "कसला भाऊ हा! आणि तू त्याच्यासाठी उपाशी राहतीस?"

"त्याचं काय चुकलं?" वहिनी म्हणाली. "त्यो म्हणतो, सासरच्यांनी सांगावा धाडल्याबिगर कसं यावं? म्हातारी एकली हाय. लोक म्हणतील, बहिणीला पळवली."

"आन् मुराळी आल्याबिगर मी कशी धाडू?" माय म्हणाली. "तिला वाटंल, नवरा गेला तशी सासूनं हाकलली."

दोन्ही घरं रीत पाळत बसली होती आणि वहिनी मधल्या मध्ये अडकली होती. आता रागवायचं तरी कुणावर? वहिनी उठून भांडी घासायला गेली. घासता घासता तिनं एकदा गाडीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

ज्योतीरामला दोनच दिवसांची रजा होती. एवढं सगळं शिकले ते मायच्या शेजारी एक रात्र झोपायला. मला तिथून हलायचं नव्हतं. अगदी मनापासून हलायचं नव्हतं.

"वहिनी, साडी बदल," मी म्हणाले. "जायचंय."

मायनं पदरानं डोळे टिपले आणि वहिनीच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू भरले. ज्योतीराम प्रवासानं मोडून पडला होता, ओसरीवर घोरत होता. त्याला उठवलं नाही.

वहिनीचा भाऊ गणराज दारातल्या लिंबाला दुसऱ्यांच्या लेकींसाठी झोका बांधत होता. गाडी थांबली, वहिनी उतरली, आणि त्याच्या हातातला दोर गळून पडला. "ताई, मी येणार व्हतो गं," एवढंच म्हणून तो एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडायला लागला. वहिनी त्याच्या पाठीवर थोपटत होती. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "डायव्हर कुठाय?"

"तुमच्यासमोर उभी आहे."

त्यांनी खूप आग्रह केला, पण घरी माय वाट बघत असेल म्हणून मी थांबले नाही. चहा घेतला आणि निघाले. खोटं कशाला बोलू? वहिनीसाठी माझा जीव सुपाएवढा झाला होता, आणि त्याच वेळी तिच्यावर मी जळत होते. तिला निदान उशिरा का होईना, रडणारा भाऊ होता. गावाबाहेर आल्यावर मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "दादा, एकदा तरी ये रे." आणि मग रस्त्याकडे बघितलं, कारण समोरून ट्रॅक्टर येत होता.

दिवेलागणीला आमच्या फाट्यावर वळले तर रस्त्याच्या कडेला कुणीतरी उभं. मी वेग कमी केला. डोक्यावर पदर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी. माय होती. तिचे गुडघे कामातून गेलेत, ती अंगणातसुद्धा भिंतीला धरून फिरते.

मी काच खाली केली. "माय, इथं काय करतीस? एवढ्या लांब चालत आलीस?"

"तुला न्यायला आले," ती म्हणाली. "सुजित न्हाई म्हणून काय माझ्या लेकीला न्यायला कुणीच येऊ ने व्हय?"

"आणि ही पिशवी?"

"तुजं सामान घ्यायला. मुराळी काय मोकळ्या हातानं जातो?"

तिला गाडीचं दार उघडता येईना, ते मी आतून उघडलं. ती बसली, तिला पट्टा बांधला. रिकामी पिशवी तिनं मांडीवर नीट घडी करून ठेवली आणि म्हणाली, "चल रत्ने, घरी."

फाट्यापासून आमचं घर अगदी जवळ आहे. मी गाडी हळूहळू नेली, आणि ते थोडं लांब असतं तर बरं झालं असतं, असं मला सारखं वाटत राहिलं.