मधल्या खांबावरची काच

दोन बोटं रुंद काचेची पट्टी.

माझ्या परवाना क्रमांकाचा रबरी शिक्का.

ताईच्या दारातलं नवं पायपुसणं.

गॅसवर दूध.

ताई चौथ्या मजल्यावर राहते. इमारत भक्कम आहे असा दाखला इंजिनिअर म्हणून मी सही करून दिला. त्यावर नगरपालिकेने राहायची परवानगी दिली, आणि ताईने घर घेतलं. "भावाची सही आहे, मग काय बघायचं?" असं ती सगळ्यांना सांगते.

महिन्यापूर्वी पार्किंगमधल्या मधल्या खांबाला तडा दिसला. बोललो तर परवाना जाणार, वर केस. ताईला म्हटलं, प्लास्टरची भेग आहे. तड्यावर आडवी काच चिकटवली, तिच्यावर तारीख लिहिली. तडा वाढला तर काच फुटते.

रोज सकाळी येऊन बघतो.

काच अख्खी. तारीख तीच.

काच अख्खी. तारीख तीच.

आज वॉचमनकाका खांब पुसत होते.

"काका, काचेला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय? फुटली की नवी बसवतो, तेवढंच."

"फुटली की?"

"ही तिसरी. बिल्डरसाहेब म्हणाले, फुटकी दिसली तर लोक घाबरतात. तुमची तारीखसुद्धा हुबेहूब उतरवलीय. अक्षर ओळखून दाखवा."

मी रोज काचच बघत होतो, तडा नाही. महिन्यापूर्वी त्यात नख जात नव्हतं.

आज स्कूटरची किल्ली गेली. मुठीपर्यंत.

जिना. पहिला मजला, फोन कानाला. दुसरा. कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू, आणि त्याने भिंत थरथरतेय असं वाटलं. मी भिंतीवरचा हात काढून घेतला. तिसरा.

"रोज खालूनच पळतोस," ताई दारात म्हणाली. "आज वाट चुकलास?"

"गॅस बंद कर. खाली चल."

"दूध ठेवलंय रे."

"राहू दे. भाऊजींना उठव."

"त्यांना उठवायला इमारत पडावी लागेल."

मी हसलो नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तूच सही केलीस ना?"

"मागे घेतली. नगरपालिकेला फोन केला, जिन्यातून. इमारत रिकामी करायची."

"तुझ्यावर केस होईल."

"होईल. चप्पल घाल."

तिने गॅस बंद केला. मी शेजारची बेल दाबली. मग समोरची.

दाखल्यावर सही केली त्या दिवशी पार्किंगमध्ये फरशांची खोकी छतापर्यंत रचलेली होती, आणि मधला खांब मी पाहिलाच नव्हता.