पाण्यासारखं तेल

“हे तेल आहे की पाणी, तुम्हीच सांगा सिस्टर!” मेस्त्रीने नव्या डब्यातला थेंब अंगठ्याने तर्जनीवर चोळला आणि बोटं नर्सबाईंच्या नाकासमोर धरली. “चिकटपणा आहे का जरा तरी? हे इंजिनात जाऊन काय दिवे लावणार?”

नर्सबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गाडी कोरी करकरीत, आयुष्यातली पहिली. तिच्याबरोबर आलेल्या पुस्तकात हेच अगदी पातळ तेल घाला म्हणून छापलेलं. म्हणून तर त्या डबा घेऊन गॅरेजात आल्या होत्या. पण त्यांची स्कूटर इतकी वर्षं याच मेस्त्रीने ठणठणीत ठेवली होती. आता पुस्तकाचं ऐकायचं की माणसाचं?

“पुस्तकवाल्यांचं काय जातंय? इंजिन बसलं की दुसरी गाडी विकायला मोकळे. मी आपलं घट्टच घालतो. माझ्या जबाबदारीवर.”

“घाला बाबा. तुम्हाला जास्त कळतं,” नर्सबाई म्हणाल्या.

मेस्त्रीचं हे भाषण अख्ख्या गल्लीला पाठ होतं. पातळ तेलाचं नाव निघालं की स्वारीच्या अंगात संचारायचं. कालच जेवताना तो म्हणाला होता, “ज्यांनी हे तेल काढलं ना, त्यांना एकेक ग्लास पाजलं पाहिजे!” बायको पोट धरून हसली होती. लेक मात्र मान खाली घालून जेवत राहिली.

लेकीला तो ठमी म्हणायचा. बाहेरगावी इंजिनाच्या कारखान्यात होती, सुट्टीला आली होती. कुणी विचारलं की मेस्त्री छाती फुगवून सांगायचा, “कारखान्यात आहे, मोठ्या हुद्द्यावर!” आणि लगेच विषय बदलायचा. कारण पुढचं त्यालाच ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं ना.

ठमी गॅरेजच्या पायरीवर चहा घेत बसली होती. बापाने घट्ट तेलाचा कॅन उचलला तशी ती उठली.

“बाबा, जरा आत येता?”

“बोल की इथंच. सिस्टर काय परक्या आहेत?”

ठमी घुटमळली. गिऱ्हाइकासमोर बापाचा शब्द खाली पाडायचं तिच्या जिवावर आलं. पण गप्प बसावं, तर ज्या कामापायी ती तहानभूक विसरली होती, ते बाप तिच्या डोळ्यांदेखत मातीत घालत होता. ती घरात गेली, बॅगेतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आली आणि त्याच्या हातावर ठेवली.

“आधी हे बघा. मग घाला काय घालायचं ते.”

फडक्यात इंजिनाचं अर्धगोल बेअरिंग होतं, तेल कमी पडलं की आधी झिजतं ते. मेस्त्रीने कॅन खाली ठेवला. बेअरिंग म्हटल्यावर त्याला राहवतंय होय! उजेडात नेऊन त्याने ते तिरकं धरलं, आतल्या बाजूने अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. मग चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांशी नेलं.

“नवंच आहे की.”

“नाही. माणूस जन्मभरात गाडी पळवेल, तेवढं पळालंय.”

“चल, काहीतरीच!” तो पुन्हा नख फिरवायला लागला. “अगं, एक ओरखडा नाही! कुणाच्या हाताखालचं इंजिन हे? त्या माणसाला माझा नमस्कार सांग. वेळच्या वेळी चांगलं घट्ट तेल घालत असणार बघ.”

“पातळ घातलं होतं बाबा. हेच. तुमचं पाणी.”

मेस्त्रीचं नख थांबलं.

“टेस्टच्या खोलीत इंजिन रात्रंदिवस पळवायचं. थंड करायचं, तापवायचं, पुन्हा पळवायचं. मग खोलून बघायचं, कुठे झिजलं का ते. नव्या इंजिनातल्या फटी बारीक असतात ना, त्यात घट्ट तेल लवकर पोचत नाही. हे पोचतं. हे इंजिन माझ्याकडे होतं, पहिलंच. मीच चालवलं, मीच खोललं. तुम्हाला दाखवायलाच आणलं होतं. पण काल तुम्ही आम्हाला ग्लासभर पाजायला निघालात.”

नर्सबाईंना हसू आवरेना. मेस्त्रीचा चेहरा मात्र उतरला होता. कान लाल झाले होते. पोरगी उराशी हे घेऊन घरात आली आणि आपण तिला ताटावर काय ऐकवलं! त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

“नमस्कार सांग म्हणालो ना मी?” त्याने कसंबसं विचारलं.

“पोचला,” ठमी म्हणाली.

मेस्त्री नर्सबाईंकडे वळला. “सिस्टर, मी चुकलो. तुमचं पुस्तक बरोबर आहे. पातळच घालायचं.”

“अहो, आत्ता तर पाणी म्हणत होतात!”

“म्हणत होतो. सगळ्या गल्लीला सांगत होतो. माझ्या पोरीने मला खोटं पाडलं.” त्याचा आवाज चढला, समोरच्या दुकानातला माणूस बाहेर डोकावला. “दुसऱ्या कुणाची टाप आहे का मला खोटं पाडायची?”

त्याने स्वतःच्या हाताने ते तेल घातलं. इंजिन चालू झालं, तसा तो बॉनेटवर वाकून ऐकत राहिला. मग त्याने मान डोलावली.

गाडी गेली. ठमीने शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या जुन्या खटारा गाडीवर थाप मारली. “हिला मात्र तुमचं घट्टच हं. हिच्या फटी आता मोठ्या झाल्यात, पातळ टिकायचं नाही.”

“ते कळतं मला,” मेस्त्री गुरगुरला. मग घरातून दुसरी खुर्ची आणून त्याने ती फडक्याने पुसली, आपल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि आतल्या बाजूला ओरडून आणखी दोन चहा सांगितले.

“बस,” तो म्हणाला. “आता पहिल्यापासून सांग. सकाळी त्या खोलीत शिरतेस, मग काय करतेस?”