पाठीवरची अक्षरं

“हात वर,” मागून आवाज आला, आणि नेमकं तेव्हाच कुलूप शिंक्याच्या हाताला मऊ लागायला लागलं होतं.

आमचा शिंक्या किल्लीवाला. तो शिंकला की अख्ख्या गल्लीची कुलुपं उघडतात, ही आवई मीच उठवलेली. खरं एवढंच, की दोन सळ्या कुलपात घालून तो डोळे मिटायचा. मधेच हात सोडला की सगळं पहिल्यापासून. आमच्या गोऱ्या वस्तीत तो एकटा काळा. म्हणून बायकोच्या हुकमानं भर उन्हातही पिवळं जाकीट घालायचा. पाठीवर वीतभर अक्षरं : किल्लीवाला.

कुणीतरी पोलिसांना फोन केला होता, काळा माणूस दार फोडतोय म्हणून.

“आत्ता उघडतंय, साहेब.”

“हात वर म्हटलं ना, काळ्या.”

“अहो, मीच बोलावलंय त्याला,” घरमालकीण मावशी म्हणाल्या. “दार ओढलं गेलं माझ्याकडून. आत गॅस चालू आहे, नातू झोपलाय.”

“मावशी, घाबरू नका. बाजूला व्हा.”

“तुम्ही येईपर्यंत कुठे घाबरले होते मी?”

दाराखालून करपल्याचा वास येत होता. शिंक्यानं डावा हात वर केला. उजवा सोडवेना.

“हलू नकोस,” दुसरा शिपाई ओरडला.

“दुसरा हात. वर,” पहिला.

“दोघांपैकी कुणाचं ऐकू, साहेब?”

मी समोरच्या ओट्यावरून म्हणालो, “त्याच्या पाठीवर लिहिलंय, वाचा तरी.” पहिल्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. त्याची नजर त्या एका हातावर खिळली होती, आणि आवाज चढतच चालला होता. मग दंडुका मनगटावर बसला.

माझ्या थापा जगजाहीर आहेत, पण ही थाप नाही : मनगट मोडताना फिरलं, आणि कुलूप उघडलं.

मावशी धुरात शिरल्या. नातू ठणठणीत, भोकाड पसरून रडत बाहेर आला. शिंक्याला तोवर जमिनीवर पालथा पाडून बेड्या घातल्या होत्या. पाठीवरची अक्षरं आभाळाकडे.

संध्याकाळी सोडलं. हाड वाकडंच जुळलं. आता तो दुकानात बसून नुसत्या किल्ल्या घासतो.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. रोज तो परततो आणि स्वतःच्याच दाराची घंटा वाजवतो.

“किल्ली खिशात आहे ना?” आतून वहिनी विचारते.

“आहे. तू उघड.”

आणि ती येईपर्यंत दोन्ही पंजे उघडे, छातीपुढे धरून तो दारात उभा असतो.