खडूच्या तेवीस फुल्या

चालती क्रेन मधेच थांबली की कारखान्यात काय गोंधळ उडतो, ते इंदूरच्या पोलोग्राउंडात चार दिवस काढलेल्या माणसाला सांगायला नको. पंपाचं दोन टनांचं ओतीव धूड हवेत लटकलेलं, लेथवाले हात कमरेवर ठेवून उभे, आणि लक्ष्मणकाका हातातला पिवळा रिमोट उलटासुलटा करून बघतायत.

"लो, फिर अटक गई!" मागून कुणीतरी ओरडलं.

क्रेन जिथे थांबली होती त्याच्या समोर, भिंतीकडेच्या पिवळ्या पट्टीवर क्षितिजाने खडूने एक फुली मारली. एकोणिसावी.

हा रिमोट तिनेच, तिच्या कंपनीतर्फे बसवलेला. त्यात जादूबिदू काही नाही. इथून बटण दाबायचं, रेडिओच्या लहरी वर क्रेनवरच्या डबीपर्यंत जातात, आणि क्रेन चालते. मधे वायर नाही. लहरी पोचल्या नाहीत तर अर्ध्या सेकंदात क्रेन आहे तिथे थांबते. पहिले दोन आठवडे सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं. पार गेटाजवळून बटण दाबलं तरी क्रेन ऐकायची. आणि दसरा झाला नि कुणाची दृष्ट लागली देव जाणे.

"क्षितिजाजी, शनिवारपर्यंत," मालक हृषीकेशजी म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण डिलिव्हरीच्या तारखा त्याच्या डोक्यावर बसलेल्या. "नाहीतर सोमवारी वायर परत. वायर निदान दिसते तरी, हवेचं काय बघायचं?"

वायर! त्या वायरीचं नाव काढलं की क्षितिजाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. या शेडमध्ये तिच्या बाबांनी, अशोकरावांनी, सव्वीस वर्षं क्रेन चालवली. क्रेनवरून वायर लोंबायची, तिच्या टोकाला बटणांची डबी, आणि ती हातात धरून माल जिथे जाईल तिथे त्याच्या सोबत चालायचं. गाईच्या दाव्याला बांधल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी त्या वायरीचं कवच घासलं, आतल्या तारा भिडल्या, बाबांनी बटण सोडलं तरी क्रेन चालतच राहिली. धूड मशीनला धडकून कलंडलं आणि बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

नकली पाय बसला. पण त्या पायाने एकशेवीस फुटांची शेड दिवसातून साठ वेळा कोण चालणार? मालकाने त्यांना गेटवर बसवलं. ज्या माणसाचा हात बघायला दुसऱ्या कारखान्यांचे ऑपरेटर येत, तो ट्रकचे नंबर लिहायला लागला. रिमोट टिकला तर बाबा मधल्या ओट्यावर खुर्चीत बसून क्रेन चालवू शकणार होते. हृषीकेशजींनी तसा शब्दच दिला होता. सगळा खटाटोप त्या एका खुर्चीसाठी.

आणि बाबा काय म्हणाले? दुपारी गेटवर डबा उघडून शांतपणे म्हणाले, "राहू दे ना बेटा. गेटवर काय वाईट आहे? सावली आहे, पंखा आहे."

आग लागो त्या 'राहू दे'ला!

"बाबा, तुम्ही तुमचं रजिस्टर लिहा. माझं मला करू द्या," ती म्हणाली आणि अर्धी पोळी तशीच टाकून उठली.

शुक्रवारी दुपारपर्यंत तेवीस फुल्या झाल्या. क्षितिजा शेडच्या मध्यावर उभी राहून नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या ऑफिसातल्या सीनियरने फोनवर तीन कारणं सांगितली होती: वेल्डिंग मशीन, मोबाइलचा टॉवर, नशीब. पण फुल्या वेगळंच सांगत होत्या. लक्ष्मणकाकांच्या नेहमीच्या जागेपासून वीस पावलांच्या आत एकही नव्हती. सगळ्या पलीकडे, पश्चिमेच्या टोकाला. म्हणजे क्रेन लांब गेली की तिला ऐकू येत नव्हतं.

तिने बॅटरी बदलली. तेच. जवळचा दुसरा रिमोट जोडून बघितला. तेच. बोलणारा ठीक होता, मग कानच बहिरा झाला असला पाहिजे.

"काका, क्रेन शिडीपाशी आणा आणि मेन स्विच बंद करा. मी वर जाते."

लक्ष्मणकाका दचकले. बाबांचे जुने साथीदार, वीस वर्षं एकाच पाळीत काढलेली. "वर कशाला बेटा? मी कालच बघून आलो. सब ठीक आहे."

"मला बघू द्या ना."

"अगं, तिथे धूळ, ग्रीस... कपडे खराब होतील तुझे."

"काका, मी काय लग्नाला आलेय?"

"वर चप्पल घालून जात नाहीत हां," ते एकदम म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

ही नवीनच गोष्ट होती. पण ती वाद घालत बसली नाही. सेफ्टी बेल्ट लावला, शिडीपाशी बूट काढले आणि चढली. गर्डरवर रांगत रिसिव्हरच्या डबीपाशी पोचली आणि तिथेच बसकण मारली.

अँटेनाची पांढरी, मुठीएवढी घुमटी तिने स्वतःच्या हाताने बसवली होती. आता तिथे मारुती होता. तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड चोळा, त्यावर खालपासून वरपर्यंत चांदीचा वर्ख, मधे दोन डोळे, आणि गळ्यात सुकलेला झेंडूचा हार. इंदूरच्या कुठल्याही गल्लीत असतो तसा. खरं सांगायचं तर सुबक होता.

खंडेनवमी! क्षितिजाने कपाळावर हात मारला. पणजोबा होळकरांच्या तोफखान्यात होते, त्यामुळे घरी अजून तलवार पुजतात. कारखान्यात लेथ, पाने, हातोडे, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मग क्रेन कशी सुटेल? पण देवा, वर्ख म्हणजे शेवटी चांदी, आणि चांदीचं पांघरूण घेतलं की रेडिओच्या लहरी आत जायच्या कुठून? जवळच्या कशाबशा फटीतून शिरत होत्या, लांबच्या बाहेरच आपटत होत्या.

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं.

ती खाली उतरली तेव्हा लक्ष्मणकाका खांबाला धरून उभे होते. चेहरा पडलेला.

"माझ्यामुळे होतंय का गं ते?" त्यांनी हळूच विचारलं. "दोन दिवसांपासून मला शंका येत होती. पण सांगणार कोणत्या तोंडाने?"

"कशाला केलंत काका?"

"अशोकच्या वेळी वर देव नव्हता." ते म्हणाले. "तू एवढ्या मेहनतीने बसवलंस. त्याला उघड्यावर कसं सोडू? वाटलं, सांभाळेल तो."

राग तर आला होता, सणकून आला होता. चार दिवस तिने वेल्डिंग मशीनला शिव्या घातल्या होत्या. पण ज्याने जीव लावला त्याला ओरडणार कसं?

"चोळा उतरवायचा तर मंगळवार बघावा लागेल," काका पुटपुटले. "आणि नदीत सोडावा लागतो."

"काही उतरवायचं नाही. मारुती तिथेच राहील. मी कान हलवते."

सियागंजच्या बाजारातून ती अँटेनाची तीन मीटर केबल आणि नवी घुमटी घेऊन आली. गर्डरच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी, संध्याकाळपर्यंत तिने ती बसवली. जुनी घुमटी वायरीतून सोडवली आणि मारुतीला त्याच्या जागेवर ठेवलं.

शनिवारी सकाळी हृषीकेशजी आले. क्षितिजाने आदल्या दिवशीच बाबांना आत बोलावून ठेवलं होतं. ते ओट्याच्या पायरीशी काठी टेकवून उभे होते.

"कारण सापडलं?"

"हो. अँटेनावर धातूचा थर बसला होता. चूक माझी. त्यावर काही लावायचं नाही हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं."

"तिची नाही, माझी," लक्ष्मणकाका पुढे झाले आणि त्यांनी वर्खाची सगळी हकीकत सांगून टाकली. लेथवाले खो खो हसले. हृषीकेशजींनाही हसू आलं, पण त्यांनी मान हलवली.

"आज वर्ख निघाला, उद्या आणखी काही निघेल. अचानक सिग्नल गेला तर?"

क्षितिजा याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने काकांना खूण केली. धूड उचललं गेलं, क्रेन पश्चिमेच्या टोकाकडे, फुल्यांवरून, न थांबता निघाली. ऐन वेगात असताना क्षितिजाने काकांच्या हातातल्या रिमोटची बॅटरीच उपसून काढली.

क्रेन जागच्या जागी थांबली. धूड थोडं झुललं आणि स्थिर झालं.

"गेला सिग्नल," ती म्हणाली. "त्या तेवीस फुल्या मोजा हृषीकेशजी. तेवीस वेळा हिला ऐकू आलं नाही, आणि तेवीस वेळा ती थांबली. कुणाच्या नखाला धक्का लागला का? वायर तर दिसत होती ना तुम्हाला? ती एकदाच बिघडली, पण क्रेन थांबली नाही." तिने ओट्याच्या पायरीकडे हात केला. "माझे बाबा समोर उभे आहेत. त्यांच्याकडे बघून सांगा, सोमवारी काय लावायचं."

हृषीकेशजींनी अशोकरावांकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

"ओट्यावर खुर्ची ठेवा," ते म्हणाले.

लक्ष्मणकाकांनी स्वतः खुर्ची आणली. बॅटरी बसवलेला रिमोट अशोकरावांच्या हातात दिला. दोन वर्षं पेन धरलेली बोटं क्षणभर बटणांवर नुसती फिरली. मग धूड हललं. सरळ, न झुलता, अख्खी शेड ओलांडून आलं आणि लाकडी ठोकळ्यांवर असं टेकलं की आवाजसुद्धा झाला नाही.

"हृषीकेशजी," मालावरची नजर न काढता अशोकराव म्हणाले, "गेटवर उद्यापासून दुसरा माणूस बघा."

"उद्या रविवार आहे बाबा," क्षितिजा म्हणाली आणि रडायला लागली.