चार सेकंद मागे

वीज नियंत्रण कक्षात बसून विजेची फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झवर धरून ठेवायची, एवढंच माझं काम. दुपारी एक मोठं वीजकेंद्र अचानक बंद पडलं आणि आकडा घसरायला लागला. बाकीच्या केंद्रांना फोन करकरून घसा बसला, तेव्हा कुठे अकरा मिनिटांनी तो जागेवर आला. शहरात कुणाला पत्ताही नाही. साहेब म्हणाले, "निभावलं ना? मग तोंड का पाडलंय?"

संध्याकाळी घरी आले. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. स्वयंपाकघरातलं त्यांचं जुनं घड्याळ थेट विजेवर चालतं. फ्रिक्वेन्सी उतरली की तेही रेंगाळतं. मी चपला काढायच्या आत त्यांनी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून सुनावलं, "आज चार सेकंद मागे आहेस."

माझं टाळकंच सरकलं. "मग फिरवा की काटे! माझ्यात आता त्राण नाही."

"मी कशाला फिरवू?" बाबा म्हणाले. "सकाळपर्यंत फ्रिक्वेन्सी पन्नासच्या जराशी वर ठेवून तुम्ही ते सेकंद भरून काढताच. तू नोकरीला लागल्यापासून त्या काट्यांना मी हात लावलेला नाही."